पहारा आहे, पण नोंद नाहीं

घरावर पहारेकरी ठेवणें ही एक गोष्ट, आणि त्यानें रात्रीं काय पाहिलें हें सकाळीं सांगतां येणें ही दुसरी. हल्लीं शहरांतील पुष्कळ घरांच्या दारांवर, जिन्यांत व गच्चीवर जे नेटवर्क कॅमेरे बसविलेले दिसतात, त्यांच्या बाबतींत हा भेद सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मोबाईलच्या पडद्यावर दारासमोरील चित्र हालतांना दिसलें कीं गृहस्थ निश्चिंत होतो. परंतु समोर दिसणारें चित्र आणि जपून ठेवलेलें चित्र यांचे मार्ग निराळे आहेत. पहिलें तारेवरून किंवा वाय-फायवरून पडद्याकडे जातें. दुसरें कॅमेऱ्याच्या पोटांतील मेमरी कार्डावर लिहिलें जातें. पहिला मार्ग सुरळीत असतांनाही दुसरा महिनोन् महिने बंद असूं शकतो, आणि हें उघडकीस येतें तें बहुधा चोरी होऊन गेल्यावर!

हें मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड, नखाएवढें असतें. ज्या फ्लॅश स्मृतीवर तें चालतें, ती जपानमधील तोशिबा कंपनींतील शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत शोधून काढली. तिची रीत शाळेंतील पाटीसारखी आहे. भरलेल्या पाटीवर पुन्हां लिहावयाचें तर आधीं ती पुसावी लागते. आणि येथें एकेक अक्षर पुसतां येत नाहीं, पाटीचा एक संबंध चौकोनच पुसावा लागतो. प्रत्येक पुसण्यागणिक पाटी किंचित् झिजते.

आतां थोडा हिशेब करावा. चित्राचा ओघ सेकंदास २ मेगाबिट धरला, तर तासास सुमारें ९०० मेगाबाइट व दिवसास सुमारें २१.६ गिगाबाइट मजकूर कार्डावर चढतो. म्हणजे ६४ गिगाबाइटचें कार्ड तीन दिवसांत भरतें. मग जुनें पुसून त्यावर नवें लिहिलें जातें. वर्षाकांठीं ही पाटी सुमारें १२३ वेळां भरते व पुसली जाते. सहलीचीं छायाचित्रें टिपणारें कार्ड वर्षांतून चार-दोनदां भरलें तर पुष्कळ! कार्डावरील ‘क्लास १०’ ही खूण सेकंदास किमान १० मेगाबाइट वेगाची आहे, आणि वरील कॅमेऱ्यास तर पाव मेगाबाइट पुरतो. तेव्हां कॅमेऱ्यासाठीं कार्ड घेतांना वेगापेक्षां टिकाऊपणा पाहावा. ‘हाय एन्ड्युरन्स’ असें ज्यावर छापलेलें असतें, तें कार्ड अशा अखंड लेखनासाठींच बनविलेलें असतें.

नोंद सांपडत नसेल तर कार्डास दोष देण्यापूर्वीं घड्याळ पाहावें. पुष्कळ साध्या कॅमेऱ्यांत वीज गेल्यावर वेळ राखणारी बॅटरी नसते. वीज परत आली आणि इंटरनेट मात्र आलें नाहीं, तर कॅमेरा आपली तारीख १ जानेवारी १९७० अशी कांहींतरी धरून बसतो. नोंद झालेली असते, पण ती भलत्याच दिवसाखालीं पडते. इंटरनेटवरून वेळ जुळविण्याची सोय चालू आहे व भारतीय वेळ निवडलेली आहे, एवढें पाहिलें कीं हा घोटाळा मिटतो.

त्यानंतर नोंदीची रीत तपासावी. अखंड नोंद आणि केवळ हालचाल झाल्यावर नोंद असे दोन प्रकार असतात. दुसऱ्या प्रकारांत संवेदनक्षमता कमी ठेवल्यास दूरून जाणारा मनुष्य टिपला जात नाहीं. जुनी नोंद पुसून पुढें लिहिण्याची सोय बंद असेल, तर कार्ड भरतांच लेखन थांबतें.

नोंद रात्रींच तुटत असेल तर विजेचा संशय घ्यावा. अंधार पडतांच कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागतात व विजेची मागणी वाढते. ॲडॉप्टर कमजोर असला अथवा तार फार लांब व बारीक असली, तर दाब उतरतो आणि कॅमेरा मध्येंच बंद पडून पुन्हां सुरू होतो. लिहितां लिहितां वीज तुटल्यानें चालू फाइल अर्धवट राहते, आणि कधीं कधीं कार्डावरील अनुक्रमणिकाच बिघडते. पानें शाबूत, पण कोणतें कोठें तें कळेनासें होतें.

इतकें पाहूनही दोष राहिला, तर कॅमेरा बंद करून कार्ड काढावें, त्याचे सोनेरी स्पर्शबिंदू कोरड्या मऊ कापडानें पुसावे व खट्कन् बसेपर्यंत तें पुन्हां आंत सारावें. कॅमेरा किती गिगाबाइटपर्यंतचें कार्ड स्वीकारतो, हेंही माहितीपत्रकांत पाहावें. कित्येक जुन्या कॅमेऱ्यांस ३२ गिगाबाइटपेक्षां मोठें कार्ड वाचतां येत नाहीं. शेवटचा उपाय फॉरमॅट करण्याचा. तो संगणकावर न करतां कॅमेऱ्यांतूनच करावा, म्हणजे कॅमेऱ्यास हवी तशी आंखणी कार्डावर होते. फॉरमॅट करूनही जुन्या फाइली पुन्हां जशाच्या तशा दिसूं लागल्या, तर कार्ड झिजून केवळ वाचण्यापुरतें उरलें असें समजावें व तें बदलावें. नवें कार्ड फारच स्वस्त मिळालें असेल, तर तें खोटेंही असूं शकतें. वर २५६ छापलेलें आणि आंत १६ चीच जागा, असा हा प्रकार असतो. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफथ्री’ हे मोफत प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून व पुन्हां वाचून त्याची खरी जागा दाखवितात. ही परीक्षा वापर सुरू करण्यापूर्वींच घ्यावी.

मात्र एक पथ्य सर्वांत मोठें आहे. घरीं कांहीं अपप्रकार घडला असेल, तर फॉरमॅटला हात लावूं नये. उलट नोंद थांबवून कार्ड लगेच काढून ठेवावें, नाहीं तर तीन दिवसांत कॅमेरा स्वतःच तो पुरावा पुसून टाकील. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून अंमलांत आला. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें अशी नोंद न्यायालयांत देतांना प्रमाणपत्र जोडावें लागतें व त्यांत फाइलचें हॅश मूल्य नमूद करावें लागतें. फाइलींत तिळमात्र फेरफार झाला तरी हें मूल्य बदलतें. म्हणून मूळ कार्ड जपण्याचें महत्त्व फार आहे.

रोजकीर्द रोज लिहिली जाते कीं नाहीं, हें जाणता व्यापारी अधूनमधून वही उघडून पाहतो. तीच शिस्त येथें हवी. महिन्यांतून एकदां कालची रात्र, परवाची दुपार आणि कार्डावरील सर्वांत जुना दिवस, अशा तीन वेळांचीं चित्रें प्रत्यक्ष चालवून पाहावीं. पांच मिनिटांचें हें काम आहे. आणि पहारेकऱ्याची वही कोरी नाहीं, याची खात्री करून घेण्यास याहून सोपा मार्ग नाहीं.