बीपी दुखत नाही, म्हणूनच ते मोजावं लागतं

“काल संध्याकाळी तर रानात दारं धरत होता. काहीच दुखणं नव्हतं त्याला!” गावात कुणी पंचेचाळीशी-पन्नाशीत अचानक गेलं, की मातीला जमलेल्या माणसांत हेच बोलणं चालतं. कुणी नशिबाला दोष देतं, कुणी टेन्शनला. पण अशा बऱ्याच मरणांमागं एक आजार कित्येक वर्षं अंगात मुक्काम करून असतो. तो ठणकत नाही, सुजत नाही, ताप आणत नाही. त्याचं नाव उच्च रक्तदाब. आपण त्याला नुसतं ‘बीपी’ म्हणतो.

३० ते ७० या वयात हृदयविकार, अर्धांगवायू, कॅन्सर, मधुमेह किंवा फुप्फुसाच्या जुनाट आजारानं माणूस गेला, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला अकाली मृत्यू धरते. म्हणजे नेमकं ते वय, जेव्हा घर कर्त्या माणसावर उभं असतं. पोरांची शिक्षणं, लेकीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, सगळं त्याच्या खांद्यावर. या आजारांतले दोन मोठे, हृदयविकाराचा झटका आणि अर्धांगवायू, बीपी ताब्यात ठेवलं तर बऱ्याच अंशी टाळता येतात.

बीपी वाढतं म्हणजे नक्की काय होतं?

विहिरीवरची मोटार आणि पाइपलाइन डोळ्यांपुढं आणा. पाइपला पेलेल त्यापेक्षा जास्त दाब रोज राहिला, तर आधी सांधे गळतात, मग कुठंतरी पाइप तडकतो आणि शेवटी मोटारही लवकर जळते. शरीरात हृदय ही मोटार आणि रक्तवाहिन्या हे पाइप. जास्त दाबानं मेंदूतली नस फुटली किंवा तुंबली की अर्धांगवायू. हृदयाची नस तुंबली की झटका. मूत्रपिंडाची चाळण खराब झाली की डायलिसिस. आणि हे सगळं होईपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. “माझं डोकं दुखत नाही, गरगरत नाही, मग मला कसलं बीपी?” हा समज म्हणूनच घातक आहे.

मोजायचं कुठं, कसं?

३० वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा, त्या दिवस-वेळ सांगतील.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. गाडीवरून उतरल्या उतरल्या हात पुढं करू नका. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर. मोजताना बोलू नका. आकडा १४०/९० किंवा त्याच्या वर आला, तर एकदाच बघून घाबरू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पुन्हा तोच आला तर डॉक्टरांकडं जायचं, पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढं असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मिठाचा पुडा किती दिवस जातो?

मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. त्यात सगळंच आलं, भाजीतलं, भाकरीच्या पिठातलं, ताकातलं.

हा हिशोब घरी करून बघा. घरात पाच मोठी माणसं असतील तर दिवसाला २५ ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा निदान ४० दिवस जायला पाहिजे. तुमच्या घरात तो किती दिवसांत संपतो? जनावरांना घातलेलं आणि लोणच्याला वापरलेलं मीठ वेगळं धरा. पण बाहेरून आलेली शेव, फरसाण, वडापाव, खारी, पापड यांतलं मीठ पुड्यात दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

कमी करायचं तर एकदम अळणी जेवण करू नका, दोन दिवसांत कंटाळाल. भाकरीच्या पिठातलं मीठ बंद करा, ताटात वरून घेणं बंद करा, भाजीत हळूहळू उतरवा. लिंबू, कोकम, लसूण, कोथिंबीर यांनी चव भागते. जीभ काही आठवड्यांत सरावते. ‘सैंधव चालतं’ असं बरेच जण म्हणतात. पण सैंधवही मीठच आहे, त्यानंही बीपी वाढतं.

तंबाखू फक्त तोंडाचं नुकसान करत नाही

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या दर १०० प्रौढांपैकी सुमारे २७ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यांतले बहुतेक खाणारे, लावणारे. मळलेली तंबाखू, मावा, बायकांची मिश्री, सगळं यात आलं. तंबाखूतलं निकोटिन नसा आवळतं, ठोके आणि बीपी वाढवतं. ज्याचं बीपी आधीच जास्त आहे, त्याच्यासाठी हा दुहेरी मार. सोडायची इच्छा असेल तर १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. दारूनंही बीपी चढतं, तीही सोडलेली बरी.

“आम्ही रानात राबतो, आम्हाला कसला व्यायाम?”

खरं आहे, पण आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. नांगरट ट्रॅक्टरनं, रानात जाणं मोटारसायकलनं. सुगीत अंग मोडेपर्यंत काम आणि एरवी पारावर बसणं. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाललं तरी पुरतं. शिवाय, कितीही राबणारा असला तरी मीठ आणि तंबाखू त्याचं नुकसान करायचं थांबत नाहीत.

गोळी मध्येच सोडू नका

सगळ्यात जास्त घात इथं होतो. गोळी सुरू होते, महिन्यानं आकडा १३० वर येतो, माणूस म्हणतो, “बरा झालो” आणि गोळी बंद करतो. पण आकडा खाली आलेला असतो तो गोळीमुळंच. ती बंद केली की तो गुपचूप परत चढतो. गोळीची ‘सवय’ लागते हाही गैरसमज आहे. लसूण, शेवग्याचा पाला खायला हरकत नाही, पण ते गोळीच्या जागी नको. गोळी कमी करायची की बंद, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पाय सुजले, खोकला लागला तर त्यांना सांगा, ते गोळी बदलून देतील.

बीपीच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. गावपातळीवर बीपी ताब्यात आणण्याच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीलाच जे जिल्हे घेतले, त्यांत आपला सातारा होता. सोबत सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. त्या उपक्रमाचा गाभा साधा आहे, मोजा, ठरलेली गोळी द्या आणि रुग्ण सुटणार नाही हे बघा.

फरक किती पडतो? जगभरातल्या अनेक चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की औषधानं वरचा आकडा फक्त ५ नं खाली आणला, तरी झटका, अर्धांगवायू यांसारख्या मोठ्या संकटांचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो.

हे दिसलं तर थांबू नका

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही अर्धांगवायूची लक्षणं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम ही झटक्याची. लगेच १०८ ला फोन करा. नस तुंबून झालेल्या अर्धांगवायूत गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. अंगारा, मालीश, कांदा हुंगवणं यांत वेळ घालवू नका. अर्धांगवायूत तोंडानं पाणीही पाजू नका, ते श्वासनळीत जातं.

या आठवड्यात एवढं करा. घरातल्या ३० वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी मोजून आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. बचत गटाच्या बैठकीला किंवा ग्रामसभेला आशाताई, सिस्टर यांना मशीन घेऊन बोलवा. आणि नवा मिठाचा पुडा फोडाल, त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख टाका.