‘डर्टी काऊ’: लिनक्समध्ये ९ वर्षं लपून बसलेली चूक नेमकी काय होती?

ऑक्टोबर २०१६ मध्ये जगभरात लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांची धावपळ उडाली. कारण होती एक ‘गाय’. कॉपी-ऑन-राइट या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द होतो काऊ, म्हणून या चुकीचं नाव पडलं ‘डर्टी काऊ’. नाव गमतीशीर, पण प्रकरण गंभीर होतं. साधा युजर थेट मशीनचा मालक बनू शकत होता.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. तो मेमरीचे छोटे तुकडे पाडतो. त्यांना पेज म्हणतात आणि एक पेज सहसा ४०९६ बाइट्सचं असतं. कोणतं पेज फक्त वाचायचं, कुठल्यावर लिहायचं, याची नोंद कर्नल ठेवतो. मनाई असलेल्या पेजवर प्रोग्रामने लिहायला घेतलं की प्रोसेसर त्याला तिथेच अडवतो आणि कर्नलला हाक मारतो. कर्नल एकतर प्रोग्राम बंद पाडतो किंवा कॉपी-ऑन-राइट वापरतो.

समजा, वाचनालयात एकच पुस्तक आहे आणि ते सगळे वाचतात. कुणी पेन काढलं की ग्रंथपाल तेवढ्या पानाची झेरॉक्स काढून देतो. ‘यावर लिहा, मूळ पानाला हात नको.’ सगळ्या पुस्तकाच्या प्रती काढाव्या लागत नाहीत, मेमरी आणि वेळ दोन्ही वाचतात.

गडबड झाली ती झेरॉक्स देणं आणि पेन टेकवणं यांच्या मधल्या क्षणात. हल्लेखोराचा एक धागा फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलवर सतत लिहायचा प्रयत्न करायचा. दुसरा धागा कर्नलला सांगत राहायचा, ‘माझी प्रत टाकून द्या.’ झेरॉक्स दिली की ‘याला लिहायचंय’ ही खूणच कर्नल पुसून टाकत असे. नेमकी त्याच क्षणी प्रत फेकली गेली की कर्नल पुन्हा पान शोधायचा, हा आता नुसता वाचणारा आहे असं समजून मूळ पान द्यायचा आणि लिखाण त्यावरच व्हायचं. हजारो वेळा प्रयत्न केला की एकदा तरी जमायचं. मग सिस्टिमची पासवर्डची फाइलसुद्धा बदलता यायची, आणि लॉगमध्ये मागमूस राहत नसे.

ही चूक २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून वापरता येण्याजोगी होती. खरं तर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता. पण आयबीएमच्या मेनफ्रेमवर अडचण आल्याने तो बदल मागे घेतला गेला. तेव्हा हा धोका कागदावरचा वाटत होता. पुढे कर्नलचं मेमरीचं काम सुधारत गेलं, तसा तो प्रत्यक्षात आणणं सोपं झालं! फिल ओस्टर यांना तो सापडला तोही एका सर्व्हरवरच्या खऱ्या हल्ल्यातून.

या वेळी टोरवाल्ड्स यांनी खूण पुसणं बंद केलं. ‘झेरॉक्स दिली आहे’ अशी वेगळी नोंद ठेवली आणि हातातलं पान खरंच झेरॉक्स आहे का, हेही तपासायला लावलं. त्यातही मोठ्या आकाराच्या पेजेसबाबत एक फट राहिली, ती २०१७ च्या अखेरीस बुजवली गेली.

सर्व्हर लवकर सुधारले, फोनचं तसं झालं नाही. अँड्रॉइडचा पाया लिनक्सच. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीला ‘झेडएनआययू’ हे मालवेअर डर्टी काऊ वापरताना दिसलं, आणि त्याचे सर्वाधिक बळी चीन आणि भारतात होते. जुना अँड्रॉइड फोन वापरात असेल, तर सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघावी. ती २०१७ किंवा त्यानंतरची असेल, तर मूळ डर्टी काऊची वाट तिथे बंद झालेली आहे.