कोऱ्या आमिषाला रंगाचा हात

मोठा मासा छोट्या घासाने फशी पडत नाही, हा जुन्याजाणत्या मासेमारांचा अनुभव आहे. अमेरिकेतील बास माशाच्या मासेमारीत या अनुभवातूनच गेल्या काही दशकांत एक स्वतंत्र कला उभी राहिली. हातभर लांबीचे, पाण्यात खऱ्या माशासारखे वळवळत पोहणारे कृत्रिम आमिष, म्हणजेच 'स्विमबेट', हे त्या कलेचे साधन. मात्र नामवंत कारागिराने हाताने घडवलेल्या एका स्विमबेटसाठी शेकडो डॉलर मोजावे लागतात. ते पाण्याखालच्या एखाद्या बुडालेल्या झाडात अडकून दोरी तुटली, की क्षणात सारे पैसे पाण्यात! म्हणूनच साधारण पाच ते पंधरा डॉलरला मिळणारे, रंग न दिलेले कोरे आमिष विकत घेऊन ते घरीच रंगवण्याकडे अनेक हौशी मासेमार वळले आहेत. हा छंद स्वस्त आहे खरा, पण त्यामागचे शास्त्र समजून घेतले तरच.

ट्राउटखाऊ बासची कहाणी

'लार्जमाउथ बास' हा मूळचा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा. १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी जॉर्जिया राज्यात सुमारे १०.०९ किलो वजनाचा बास पकडला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना मिळालेला मासा १०.१२ किलोचा भरला. परंतु जुना विक्रम मोडण्यासाठी नियमाने आवश्यक असलेला फरक त्यात नसल्याने दोघांची बरोबरी नोंदवली गेली.

स्विमबेटची खरी कर्मभूमी मात्र दक्षिण कॅलिफोर्निया. तेथील सॅन दिएगो परिसरातील जलाशयांत १९५९ मध्ये फ्लोरिडातील, झपाट्याने वाढणारे बास आणून सोडण्यात आले. त्याच प्रदेशातील अनेक जलाशयांत मासेमारांच्या सोयीसाठी थंडीच्या दिवसांत रेनबो ट्राउट सोडले जातात. बासना ही आयती मेजवानीच मिळाली आणि ते अवाढव्य वाढले. १९९१ मध्ये कॅस्टेक सरोवरात सुमारे १० किलोचा बास मिळाला. ट्राउटवर पोसलेला असा मासा बोटभर आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही, हे लक्षात आल्यावर ॲलन कोल, केन हडलस्टन यांच्यासारख्या कारागिरांनी ट्राउटच्या आकाराची आमिषे घडवली आणि पुढे त्यांचा बोलबाला झाला.

निवड कशी करावी?

कोरे आमिष घेताना प्रथम त्याचा पदार्थ पाहावा. कठीण एबीएस प्लास्टिकचे आमिष नवशिक्याने निवडावे. मऊ प्लास्टिकच्या आमिषावर साधा ॲक्रिलिक रंग टिकत नाही. ते वाकले, की रंगाचे पोपडे निघतात. त्यासाठी निराळे, द्रावकयुक्त रंग लागतात. शिवाय मऊ प्लास्टिकमधील तेलकट द्रव्य कठीण प्लास्टिकला आणि त्यावरील रंगाला चिकट करते. त्यामुळे दोन्ही प्रकारची आमिषे एकाच डब्यात ठेवू नयेत.

दुसरी बाब सांध्यांची. एकाच सांध्याचे 'ग्लाइड बेट' दोरी हळूहळू ओढताच डावीकडे आणि उजवीकडे रुंद वळणे घेत जाते. अनेक सांध्यांचे आमिष सापासारखे वळवळते. सांधा हाताने हलवून पाहावा. तो अडखळता कामा नये, तसाच खिळखिळाही नसावा. गळ अडकवण्याच्या कड्या पक्क्या बसल्या आहेत का, दोन अर्ध्या भागांच्या जोडावर कोठे फट आहे का, हेही पाहावे. फटीतून पाणी शिरले तर उत्तम रंगकामही वाया जाते.

तिसरी बाब नैतिक आहे. बाजारातील अनेक स्वस्त कोरी आमिषे ही एखाद्या कारागिराने वर्षानुवर्षे खपून सिद्ध केलेल्या आकाराची उघड नक्कल असतात. स्वतःचा स्वतंत्र साचा असलेल्या छोट्या उत्पादकाकडून दोन डॉलर अधिक देऊन घेणे केव्हाही श्रेयस्कर.

रंगाआधी पाणी

रंग देण्यापूर्वी आमिषाला त्याचे गळ आणि कड्या लावून ते पाण्याच्या टबात सोडावे. ते तरंगते, अधांतरी राहते की बुडते आणि किती वेळात बुडते, याची नोंद करावी. रंग आणि वरचा पारदर्शक लेप यांमुळे मोठ्या आमिषाचे वजन काही ग्रॅमने वाढते आणि मुळात अधांतरी राहणारे आमिष बुडू लागते. पाण्याचे तापमानही येथे महत्त्वाचे ठरते. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वाधिक दाट असते. त्यामुळे उन्हाळ्यात हळूहळू बुडणारे आमिष थंडीत तरंगूही शकते. लेप चढवल्यावर हीच चाचणी पुन्हा करावी आणि वजन कमी पडल्यास पोटाला शिशाची पातळ पट्टी चिकटवावी.

रंगाचा क्रम

आमिष साबणाच्या पाण्याने धुऊन त्यावरील तेलकटपणा काढावा. बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासल्यास रंगाला पकड मिळते. नंतर पांढऱ्या प्रायमरचा पातळ हात द्यावा. त्यावर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग एअरब्रशने फवारावेत. क्रम नेहमी फिक्याकडून गडदाकडे असावा, म्हणजे आधी पोट, मग कुशी, शेवटी पाठ. प्रत्येक हात हेअर ड्रायरने वाळवावा. खवल्यांसाठी अंघोळीच्या जाळीदार घासणीचा तुकडा आमिषावर ताणून बसवावा आणि त्यावरून रंग फवारावा. जाळी काढताच हुबेहूब खवले उमटतात.

पांढरे पोट आणि गडद पाठ ही रचना केवळ शोभेची नव्हे. वरून पडणारा प्रकाश पाठ उजळतो आणि पोटाशी सावली पाडतो. निसर्गाने उलटा रंग देऊन माशाला त्या उजेडात लपवले आहे. ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे तत्त्व मांडले होते. ट्राउटसाठी शेवाळी पाठ, काळे ठिपके आणि कुशीवर गुलाबी पट्टा. शॅडसाठी रुपेरी अंग आणि कल्ल्यामागे काळा ठिपका. ब्लूगिलसाठी उभे पट्टे आणि नारिंगी छाती, एवढ्या खुणा पुरेशा होतात.

बासला हे सारे दिसते का? इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार बासच्या डोळ्यात लाल आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या दोन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्याला लाल आणि हिरवा रंग उत्तम ओळखता येतात. काळा आणि गडद निळा, तसेच पांढरा आणि झगझगीत पिवळा यांत मात्र त्याचा गोंधळ होतो. म्हणजे पाठ गडद निळी असावी की काळी, यावर रात्र जागवण्याचे कारण नाही. त्यातच खोल पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो. त्यामुळे लाल छटांची मेहनत उथळ पाण्यातच अधिक फळते.

शेवटचा लेप आणि सावधगिरी

डोळे चिकटवल्यावर पारदर्शक लेप द्यावा. दोन भागांचा इपॉक्सी मजबूत असतो, पण ओघळू नये म्हणून आमिष सुकेपर्यंत सावकाश फिरते ठेवावे लागते आणि कालांतराने तो पिवळट पडतो. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारे लेप मिनिटांत तयार होतात. लेप सांध्यात जाऊ न देणे सर्वांत महत्त्वाचे. सांधा जखडला, की आमिषाचे पोहणे संपते आणि उरते ते केवळ शोभेचे खेळणे.

मोटारींसाठीच्या दोन भागांच्या युरेथेन लेपात आयसोसायनेट असते. ते श्वासावाटे शरीरात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. योग्य श्वसनयंत्र आणि वायुवीजन नसेल तर घरात त्याच्या वाटेला जाऊ नये. कापडी मुखपट्टीने येथे संरक्षण मिळत नाही.

हिशेबही प्रामाणिकपणे मांडावा. एअरब्रश, कॉम्प्रेसर, रंग यांचा सुरुवातीचा खर्च धरला, तर पहिली दोन-चार आमिषे तयार मालापेक्षा महागच पडतात. बचत दिसते ती पुढे. आमिषे बनवून विकण्याचा विचार असेल, तर अमेरिकेत मासेमारीच्या साहित्यावर उत्पादकाला १० टक्के केंद्रीय अबकारी कर भरावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यान्वये या कराचा पैसा मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना मिळतो.

पहिले आमिष ओबडधोबड होईल, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. भुकेला बास ठिपके मोजत बसत नाही. तो आधी पाहतो ती चाल. म्हणून सांधा मोकळा आणि तोल अचूक राखावा. रंगातली सफाई हातवळणानेच येते.