नॉरिचची तापमानाची वही

इंग्लंडच्या पूर्व भागातल्या नॉरिच शहरात ईस्ट अँग्लिया विद्यापीठ आहे. तिथे 1967 साली पर्यावरणविज्ञानाचा स्वतंत्र विभाग निघाला. भूगोल, रसायन, सागरविज्ञान आणि हवामान एकत्र शिकवण्याची ही कल्पना त्या काळी धाडसाची होती.

पण खरे मोल आहे ते 1972 मध्ये ह्यूबर्ट लॅम्ब यांनी तिथे उभारलेल्या हवामान संशोधन केंद्राचे. हवामान शतकानुशतके स्थिर असते, हा समज लॅम्ब यांना मान्य नव्हता. जुन्या नोंदी आणि बखरी धुंडाळून त्यांनी गतकाळाचे हवामान मांडले. पुढे याच केंद्राने जगभरच्या भूपृष्ठावरील तापमानाच्या नोंदी तपासून, जुळवून एकत्र केल्या. ब्रिटिश हवामान खात्याच्या सागरी नोंदींशी त्या जोडल्या, की 1850 पासूनचे जागतिक तापमान हाती येते. पृथ्वी किती तापली हे आज आपण आकड्यांत सांगू शकतो, त्यामागे हे चिकाटीचे काम आहे.

धोरणाशी नातेही इथूनच जुळले. 2000 साली विद्यापीठात स्थापन झालेल्या, हवामान बदलावर संशोधन करणाऱ्या टिंडल केंद्रात शास्त्रज्ञांसोबत अर्थतज्ज्ञ आणि अभियंतेही आले. इथल्या प्राध्यापक कोरीन ल केरे ब्रिटनच्या हवामान बदल समितीवर होत्या. उत्सर्जनाची मर्यादा किती असावी, याचा सल्ला ही समिती सरकारला देते.