देवळाच्या फरशीवरची रात्र

दसरा नुकताच उलटला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पुळणीलगतच्या देवळात पाच तरुण मुक्कामाला उतरले. दिवसभर किनाऱ्याने चालून आणि तरीतून खाडी ओलांडून त्यांचे पाय भरून आले होते. गुरवाने सभामंडप उघडून दिला, विहीर दाखवली. गावातल्या एका घरी माशाचे कालवण आणि भात जेवून पाचही जण फरशीवर चटया पसरून झोपी गेले.

पहाटे तीनच्या सुमारास त्यांच्यातल्या एकाला पोटात कळा येऊ लागल्या. एक उलटी झाली. कालवण बाधले, असे मित्रांनी ठरवून टाकले. पित्ताची गोळी आणि ओआरएसचे पाणी त्याच्यापुढे धरले, पण ते पाणी त्याला गिळता येईना. घोट नाकातून बाहेर आला. तरीही कोणाला संशय आला नाही. अंगावर जखम नव्हती, सूज नव्हती, काही चावल्याची त्याला आठवण नव्हती.

साडेचारला गुरव पूजेचे पाणी भरायला आला. त्याने बॅटरीचा झोत मुलाच्या तोंडावर धरला आणि म्हणाला, "ह्याच्या पापण्या खाली येतायत. हे पित्त न्हाय, ह्याला जनावर लागलंय." रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही, म्हणून 'जनावर'.

गुरवाचे निदान अचूक होते. तो मण्यारीचा दंश होता.

मण्यार हा काळा, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या पट्ट्यांचा साप. दिवसा तो सुस्त असतो, रात्री शिकारीला निघतो. उंदीर, पाली आणि लहान साप हे त्याचे अन्न. आता कोकणातल्या किनाऱ्यावरचा कुठलाही आडवाटेचा निवारा आठवून पाहा. चिऱ्याच्या भिंती, त्यांतल्या फटी, वर कौले, कडेला रचलेली लाकडे, नारळाच्या सोडणांचा ढीग. होड्यांच्या खोपीत जाळी आणि सुक्या मासळीचा वास, म्हणजे उंदीर आलेच. साप तिथे माणसासाठी येत नाही. माणूस त्याच्या वाटेत आडवा पडलेला असतो. झोपेत हात हलला, कूस बदलली की दंश होतो.

मण्यारीचे दात बारीक असतात. दुखत नाही, सूज येत नाही, दाताच्या खुणाही बहुतेक वेळा शोधून सापडत नाहीत. झोपलेला माणूस जागा होतोच असे नाही. विष मात्र नसांच्या टोकांशी जाऊन बसते. नसेकडून स्नायूला जो रासायनिक निरोप जातो, तो सोडणारी टोकेच ते निकामी करते. आधी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागते, मग गिळणे आणि बोलणे जाते, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पोटातली कळ ही बरेचदा पहिली खूण असते आणि तिथेच फसगत होते. अशा रुग्णांना पित्ताची इंजेक्शने देऊन घरी पाठवल्याचे प्रसंगही घडतात, हे डॉक्टरांनीही कबूल करायला हवे. जमिनीवर झोपलेला, रात्री धडधाकट असलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो मण्यारीचाच दंश समजावा.

या मुलाला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने ग्रामीण रुग्णालयात नेले, तेव्हा उजाडले होते. तिथे त्याला सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या दहा कुप्या शिरेतून दिल्या. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालते, त्यामुळे साप मारून आणण्याच्या फंदात पडण्याची गरज नसते. पण एक मर्यादा आहे. रक्तात फिरणाऱ्या विषाला प्रतिविष पकडते. नसेच्या टोकाला एकदा इजा झाली की ती त्याने भरून येत नाही. म्हणून मण्यारीच्या बाबतीत गेलेला तास परत मिळत नाही. पोटदुखी पित्ताची समजण्यात या मुलाचा दीड तास गेला होता. जिल्हा रुग्णालयाच्या वाटेवर त्याचा श्वास मंदावला. घशात नळी घालून रुग्णवाहिकेतले डॉक्टर आणि एक मित्र आळीपाळीने हाताने पिशवी दाबत राहिले.

पुढचे पाच दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. डोळे मिटलेले, हातपाय लुळे, बाहुल्या विस्फारलेल्या. मेंदू गेला की काय, असे पाहणाऱ्याला वाटावे. अशा रुग्णाचा मेंदू मात्र बहुधा शाबूत असतो. हुकूम पोहोचवणारी तार तेवढी तुटलेली असते. त्याला ऐकू येते. नळी निघाल्यावर या मुलाने पहिल्या रात्रीचे मित्रांचे बोलणे सांगितले. आईला फोन कोणी करायचा, यावरून दोघे त्याच्या उशाशीच कुजबुजत होते. 'मी आहे' हे सांगायला त्याच्याकडे एक बोटही नव्हते. नसांची टोके हळूहळू पुन्हा वाढतात आणि तेवढे दिवस यंत्राने श्वास चालू ठेवला तर माणूस पूर्ण बरा होतो. अशा खाटेशेजारी काय बोलावे, हे नातेवाइकांना आणि राउंड घेणाऱ्यांनाही समजले तर बरे.

विंचवाची गोष्ट निराळी. तो चावल्याचे कळतेच. कोकणातला तांबडा विंचू आकाराने लहान, पण त्याचे विष हृदयावर जाते. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणे. नुसती वेदना असेल तर भीती कमी. वेदना ओसरून घाम फुटला तर मात्र धावपळ करावी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध यावर वापरले आणि त्याचे निष्कर्ष १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर विंचूदंशाचे दर दहातले तीनेक रुग्ण दगावत; आज ही गोळी ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात असते. फुरसे सड्यावर, कातळाच्या फटीत असते. ते संध्याकाळी उघड्या पायाला डसते आणि रक्त गोठेनासे करते. काचेच्या कोरड्या नळीत रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवले की तेवढ्यावर त्याचे निदान होते.

उपाय फार साधा आहे, कदाचित म्हणूनच कोणी सॅकमध्ये भरत नाही: मच्छरदाणी. आग्नेय नेपाळमधल्या खेड्यांत झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश लक्षणीयरीत्या कमी होतो, असे त्यात दिसले. अट एकच. तिच्या कडा चटईखाली सगळीकडून खोचलेल्या हव्यात. नुसती लोंबती मच्छरदाणी डास अडवेल, साप नाही. खालून शिवलेला आणि चेनने बंद होणारा छोटा तंबू सभामंडपात उभारला तरी चालतो. देवाची हरकत नसते, गुरवाची असली तर विचारून घ्यावे. खाट किंवा बाक मिळाला तर फरशी सोडावी. भिंतीपासून आणि लाकडांच्या ढिगापासून दूर झोपावे, खाऊचे पुडे उशाशी ठेवू नयेत. त्यावर उंदीर येतात आणि उंदरामागून बाकीचे. सकाळी बूट झटकूनच पाय घालावा. रात्री लघवीला उठताना बॅटरी आधी, पाय नंतर.

दंशाचा संशय आला तर करकचून दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे यातले काहीही करू नये. माणसाला न चालवता, कुशीवर झोपवून न्यावे. मांत्रिकाला फोन करण्याआधी १०८ लावावा.

हा फोन लागेल, असे किनाऱ्यावर गृहीत धरता येत नाही. हरिहरेश्वरकडून बाणकोटकडे, दाभोळहून धोपाव्याला, जयगडहून तवसाळला पायी जाणारे तरीने खाडी ओलांडतात, आणि तरी रात्रभर चालत नाहीत. नकाशावर समोर दिसणारे गाव रात्री खाडीला वळसा घालून तासांच्या अंतरावर जाते. म्हणून मुक्कामाच्या गावी पोहोचल्यावर, सॅक उतरवण्याआधी, गुरवाला तीन गोष्टी विचाराव्यात: खाडीच्या या बाजूचे जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, गावात रात्री गाडी कोणाची निघते आणि फोनला रेंज कुठल्या टेकाडावर येते.