मोत्याला मळ्यावर धाडायचं का?

घरात कुत्रं असेल आणि नवं बाळ येणार असेल, तर एक वाक्य हमखास ऐकू येतं. सांगलीला लागून असलेल्या माधवनगरात, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, ते आजींच्या तोंडून आलं. "बाळ यायच्या आत ते कुत्रं मळ्यावर पोचवा बघू!"

भाची डोहाळजेवण उरकून बाळंतपणाला माहेरी आली होती. मोत्या पाच वर्षांचा, जातीनं गावठी. रात्री भाचीच्या खाटेखाली झोपायची त्याची जुनी सवय. सातवीतला भाचा तर रडकुंडीलाच आला. शेवटी दाजी म्हणाले, "दोन महिने हातात आहेत. मोत्या शिकला तर राहील, नाहीतर मळा."

पहिली फेरी गुरांच्या दवाखान्यात झाली. रेबीजची लस टोचून घेतली, जंताचं औषध दिलं. यात चालढकल नको. पाश्चरनं १८८५ साली नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस पहिल्यांदा दिली, तेव्हापासून या रोगावर उपाय आहे. पण लक्षणं दिसू लागल्यावर मात्र जवळजवळ काहीच हाती राहत नाही. म्हणून कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घरचं कुत्रं असलं तरी!

आता मोत्याच्या बाजूनं बघा. त्याला बाळाचा राग येत नाही. पण एका दिवसात त्याची झोपायची जागा जाते, फिरायची वेळ चुकते, जो तो "हाड!" म्हणतो आणि त्याच दिवशी घरात एक रडणारं गाठोडं आलेलं असतं. तो या गोष्टींची सांगड घालणारच. म्हणून जे बदलायचं ते आधीच बदलायचं.

मोत्याचं पोतं पहिल्याच आठवड्यात सोप्यात आलं. दोन रात्री तो दाराशी कुईकुई करत बसला. भाचाही जागाच होता, पण उठला नाही. सकाळचं फिरवणं दाजींकडून भाच्याकडे आलं. बाळंतिणीच्या खोलीला जाळीचं दार बसवलं. मग मोबाईलवर तान्ह्या बाळाचं रडणं अगदी हळू लावायचं आणि मोत्या शांत बसला की भाकरीचा तुकडा द्यायचा. आवाज रोज थोडा वाढवायचा. दुपट्यात बाहुली गुंडाळून भाचा घरभर फिरायचा. (मित्र हसले म्हणे. हसू देत!)

वासाचंही तसंच. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साठेक लाख, तर कुत्र्याच्या नाकात दहा कोटींहून जास्त. वेखंड, ओव्याची धुरी, मालिशचं तेल, हे सारं त्याला केवढं जाणवत असेल! म्हणून बाळ घरी यायच्या आदल्या दिवशी दाजींनी दवाखान्यातून बाळाचं वापरलेलं दुपटं आणलं आणि मोत्याला लांबूनच हुंगू दिलं.

बाळ आलं तेव्हा ते आजींकडे होतं. भाची रिकाम्या हातांनी पुढं झाली, मोत्याला भेटली. साखळी दाजींच्या हातात. बाळाजवळ जायची परवानगी कितीतरी दिवसांनी मिळाली, तीही पायांपर्यंतच. एकदा मोत्या गुरगुरला. आजींनी काठी उचलली, पण दाजींनी अडवलं. गुरगुरणं म्हणजे "मला लांब जायचंय" असं सांगणं. त्याबद्दल मार बसला, तर पुढच्या वेळी कुत्रं न सांगताच चावू शकतं. त्याला शांतपणे बाहेर न्यायचं. ओठ चाटणं, तोंड फिरवणं, अंग ताठ करणं या त्याच्या आधीच्या खुणा.

पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. मुंगूस सापापासून बाळाला वाचवतं आणि त्याचं रक्तानं माखलेलं तोंड बघून आई त्यालाच मारते. वेल्समध्ये अशीच गेलर्ट नावाच्या कुत्र्याची दंतकथा आहे. दोन्हीकडे आपण उतावळेपणाला बोल लावतो. मला मात्र वाटतं, तान्ह्या बाळाला जनावरापाशी एकटं सोडलंच कशाला? कितीही गुणी असो, जवळ जागं मोठं माणूस हवंच. सातवीतला मामा त्यात धरायचा नाही!

मोत्या मळ्यावर गेला नाही. चौथ्या महिन्यात भाची सासरी निघाली. तिथं मांजर आहे. मांजराला उबेची ओढ, त्यामुळे ते सरळ पाळण्यात शिरतं. आणि इवल्या बाळाला तोंडावर काही आलं तरी मान फिरवता येत नाही. म्हणून तिथंही जाळीचं दार बसलंय. मांजराच्या विष्ठेतून गर्भाला अपाय करणारा संसर्ग होऊ शकतो, म्हणून भाचीला दिवस राहिल्यापासून ती साफ करायचं काम तिच्या नवऱ्याकडे होतं.

गाडीत सामान भरताना भाच्यानं एक न धुतलेलं दुपटं पिशवीत घालून बहिणीकडे दिलं. म्हणाला, "हे मांजराला. तू पोचायच्या आत भावजींबरोबर पुढं पाठव."