बाबा, मैदानावर चला!

वजन उतरवण्याच्या वर्गांना पुरुष फारसे येत नाहीत. स्वतःच्या पोटासाठी वेळ काढणं त्यांना जड जातं. पोरांसाठी मात्र ते येतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे प्रा. फिलिप मॉर्गन यांनी नेमकं हेच धरून ‘हेल्दी डॅड्स, हेल्दी किड्स’ हा कार्यक्रम आखला. त्याच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ५३ स्थूल वडील, त्यांची ७१ मुलं आणि तीन महिन्यांचे वर्ग. सहा महिन्यांनी वडिलांचं वजन सरासरी ७.६ किलोंनी उतरलं होतं; कार्यक्रमाची वाट पाहत थांबलेल्या गटाचं होतं तिथेच राहिलं. मुलांची हालचाल वाढली, विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोकेही कमी झाले. एका मैदानावर दोन पिढ्यांचा इलाज झाला.

हे मला माधवनगरसाठी सांगायचं आहे. सांगलीला खेटलेल्या या गावात दुकानाच्या गादीवर किंवा ऑफिसच्या खुर्चीत दिवस घालवणारा तरुण बाप दिसायला सडपातळ असला, तरी निर्धास्त राहू शकत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन सांगणारा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्याच पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात आपली बाळंही अशीच आढळली: वजनाने हलकी, स्नायू कमी, चरबी मात्र टिकून. म्हणजे आपल्याकडे स्नायू कमावण्याची गरज बापाला आहे आणि लेकरालाही.

बाप मुलाशी खेळतो तो आईपेक्षा थोडा वेगळा. उचलून वर धरतो, पाठीवर घेऊन घोडा होतो, गादीवर लोळवतो. २०१० मध्ये इस्रायलच्या रूथ फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी आईबाप चार-सहा महिन्यांच्या बाळाशी खेळण्याआधी आणि खेळल्यानंतर त्यांचं ऑक्सिटोसिन मोजलं. माया जडवणारं हे संप्रेरक बाळाला भरपूर कुरवाळणाऱ्या आयांमध्ये खेळानंतर वाढलं होतं, आणि बापांपैकी ते वाढलं बाळाचे हातपाय हलवत, त्याला हसवत खेळणाऱ्यांचं. (तान्ह्या बाळाला गदागदा हलवणं मात्र जिवावर बेतू शकतं, तिथे हात अगदी हळुवार हवा.) पुढे तीन-चार वर्षांच्या मुलाशी लुटुपुटूची कुस्ती खेळताना बाप आपली ताकद आवरून धरतो आणि पोर ‘बास’ म्हणालं की थांबतो. जोर किती लावायचा, कधी सोडायचं, हे मुलाच्या अंगात अशा खेळांतून मुरतं.

माधवनगर ज्या मिरज तालुक्यात आहे, त्याला हे नवं सांगायला नकोच. इथल्याच कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचं सुवर्णपदक जिंकलं, १९६४ ला ते हिंदकेसरी झाले. पोराला तालमीत घेऊन जाणारा बाप आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण तालमीत जायचं ते जरा मोठं झाल्यावर, आणि बहुतेकदा मुलग्यानेच. बालवाडीतलं पोर आणि घरातली लेक दोघंही हौद्याबाहेरच राहतात. मला ही उणीव फार खुपते.

कारण चेंडू फेकणं, झेलणं, लाथेने मारणं ही कौशल्यं वयाबरोबर आपोआप पक्की होत नाहीत, ती शिकवावी लागतात. मुली त्यात मागे दिसतात, कारण त्यांच्या हाती चेंडू कमी पडतो. मॉर्गन यांच्या गटाने मग फक्त बाप-लेकींसाठी कार्यक्रम काढला. ११५ वडील आणि ४ ते १२ वर्षांच्या १५३ मुली त्यात होत्या. मुलींचं चेंडूवरचं कौशल्य सुधारलं, बाप आणि लेक दोघांची हालचाल वाढली.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं. माझं म्हणणं एवढंच, की माधवनगरात दर रविवारी बाप-लेकरांनी मैदानावर एक तास एकत्र खेळावं. हा एक तास यातलं थोडंच भागवेल, पण त्या तासात शिकलेला खेळ रोज संध्याकाळी अंगणात, गच्चीवर खेळता येतो.

त्यासाठी यंत्रं लागत नाहीत, फी लागत नाही. शाळेचं मैदान रविवारी सकाळी मोकळंच असतं. अंगणवाडीताईंना प्रत्येक घरातलं लहान मूल ठाऊक असतं. निरोप आईऐवजी बाबांच्या नावाने धाडायला त्यांना सांगावं. तालमीतल्या वस्तादांनी पडायचं कसं, कोलांटउडी कशी मारायची ते दाखवावं. लंगडी, पकडापकडी, झेलाझेली एवढ्यावर तास निघतो. एकच अट ठेवावी: बापाने कडेला उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत, खेळायचं. माधवनगरच्या ग्रामपंचायतीने आणि तरुण मंडळांनी हे मनावर घ्यावं, आणि बाबांनी पहिल्याच रविवारी लेकीला घेऊन यावं.